तुमचा माणूस अजून इथंच आहे

१

रघुनाथराव आयुष्यात फारसे कुठं गेले नाहीत. पांढुर्ण्याहून नागपूर, कामापुरतं सौंसर आणि बायकोचं, केसरवहिनींचं, माहेर म्हणून मोहगाव. पण बेत करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका उन्हाळ्यात त्यांनी रामेश्वरचा बेत केला होता. कोणत्या स्टेशनावर चहा बरा मिळतो, सकाळचं ऊन गाडीच्या कोणत्या बाजूला येतं, समुद्राच्या खाऱ्या हवेनं चष्म्याची काडी गंजते का, इथपर्यंत त्यांनी माहिती काढली. मग पाऊस आला, पेरणी लागली आणि रामेश्वर राहिलं. त्याचं त्यांना वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. थोड्या दिवसांनी दुसरं गाव निघायचं.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचो. माझे वडील, वामन, रघुनाथरावांच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत जन्मभर मजुरीला होते. मला नोकरी लागल्यावर मी तिगावच्या रस्त्याला जमिनीचा एक तुकडा घेतला. त्याचा धुरा, म्हणजे बांध, रघुनाथरावांच्या बागेला लागून होता. तेव्हापासून आमचं बसणं सुरू झालं. रविवारी दुपारी त्यांच्या मळ्यातल्या खोलीत मी जायचो. ते खाटेवर, मी पोत्यावर. पुढे ते मलाही खाटेवरच बसवायला लागले. माझ्या घरी येऊन ते गुळाचा चहा प्यायचे, माझ्या बायकोच्या, सुशीलाच्या हातची भाकर खायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळेला हे घडलं नसतं.

शहाऐंशी साली त्यांच्या बागेत डिंक्या पडला. झाडांच्या खोडातून डिंक गळायचा आणि हिरवं झाड पाहता पाहता वाळायचं. नागपूरच्या संत्रा मार्केटात नाशिककडचा एक व्यापारी त्यांना म्हणाला, संत्रं सोडा आता, द्राक्ष लावा. आमच्याकडं द्राक्षाची वाईन करायचा कारखाना निघाला आहे, माल विलायतेला जातो. झालं, रघुनाथरावांना नवा बेत मिळाला. द्राक्षाचा मुलूख बघून यायचा आणि पटलं तर दोघांनी मिळून धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना वेल लावायचे.

सुशीलाला हे पसंत नव्हतं.

"भाऊजी, आम्ही रोज पंचशील म्हणतो," ती चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "अन् तुम्ही याइले दारूच्या गावी घेऊन जाऊन राहिले."

"वहिनी, आपण थोडीच पिऊन राहिलो?" रघुनाथराव हसले. "माह्याही गळ्यात माळ हाय. आपण फक्त वेल पाहाचा."

दसऱ्याला आम्ही दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. ते झालं की सुशीलानं बहिणीकडं थांबायचं, रघुनाथरावांनी नागपूरला यायचं आणि तिथून आम्ही दोघांनी गाडी धरायची, असं ठरलं. या वेळेस ते खरंच जातील असं मला वाटलं, कारण त्यांनी नवी बॅग घेतली होती.

२

फोन आमच्या ओळखीत एकाच ठिकाणी होता, भैय्याजींच्या अडत दुकानात. सकाळी ट्रंक कॉल नोंदवायचा आणि गादीवर बसून वाट पाहायची. व्यापाऱ्यानं निफाडच्या पुढच्या एका बागायतदाराचा नंबर दिला होता. बागा पाहायला येणाऱ्यांसाठी त्यानं मळ्यातच खोल्या बांधल्या होत्या. चिंधू नावाचा एक माणूस त्या सांभाळायचा आणि फोनही तोच उचलायचा.

पोळ्यानंतरची गोटमारीची जत्रा होऊन गावातली गर्दी ओसरली होती. दुपारी घंटा वाजली तसा फोनला बिचकणाऱ्या रघुनाथरावांनी रिसीव्हर माझ्याकडं सरकवला.

"तू बोल. तुही भाषा सुधरेल हाय."

मी नाव सांगितलं, दसऱ्यानंतर दोन माणसं येतील, खोली मिळेल का म्हणून विचारलं.

"कुठून बोलता भाऊ?"

"पांढुर्ण्याहून."

"हां, पांढुर्णा. बोला की." तारेतून खरखर येत होती, पण आवाज मोकळा होता, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा. "मंग कवा येताय त्यास्नी न्यायला?"

"कोणाला?"

"तुमच्या माणसाला. तुमचा माणूस अजून इथंच हाये ना."

मी म्हटलं, आमचं कोणी आलेलं नाही, आम्ही आता येणार आहोत.

"बरं बरं," तो समजुतीनं म्हणाला. "या तुमच्या सवडीनं. खोली त्यांच्याकडंच हाये, वेगळी कशाला पायजे?"

आणि वेळ संपली, लाइन तुटली.

३

मी सांगितलं तेव्हा रघुनाथराव खूप हसले. भैय्याजीही हसले. वरूडचे लोक गेले असतील, अमरावतीचे गेले असतील, त्या माणसाच्या डोक्यात घोळ झाला असेल. मलाही तेच पटलं. घरी येऊन जेवलो, ड्यूटीवर गेलो.

पंपहाऊसमध्ये मोटार चालू असली की दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस आपल्या डोक्याशीच बोलत बसतो. तिथं बसल्यावर एक गोष्ट मला टोचायला लागली. त्या बाजूच्या माणसाला पांढुर्णा म्हटलं की तो पंढरपूर ऐकतो. दोनदा तीनदा सांगावं लागतं, नागपूरच्या वर, मध्यप्रदेशात, म्हणून समजवावं लागतं. संत्र्याच्या व्यापाऱ्यांशी बोलताना मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं. चिंधूनं एकदाही पुन्हा विचारलं नाही.

मी आमच्याकडच्या बागवाल्यांत चौकशी केली. बोरगावकडं एक-दोघांना विचारलं. द्राक्ष पाहायला कोणीच गेलं नव्हतं. नाशिककडं कशाला जायचं, असंच जो तो म्हणाला.

मग एका दुपारी रघुनाथरावांना न सांगता मी पुन्हा फोन लावला. चूक दुरुस्त करावी एवढंच माझ्या मनात होतं.

"तो जो माणूस तिथं आहे म्हणता," मी चिंधूला विचारलं, "त्याचं नाव काय?"

"आता नाव मी कसं विचारावं? तुमीच तर सोडून गेलात."

"मी?"

"आवाज तुमचाच हाये की भाऊ. तुमी म्हनले, हे थांबतील, मी येतो घेऊन जायला."

भैय्याजी समोर कापसाच्या भावाचं बोलत होते. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"कसा आहे तो?"

"त्रास न्हाई काही. गरीब माणूस. जेवायला बाहेर येत न्हाई, ताट दाराशी ठेवतो मी. च्या गुळाचा लागतो. 'मले दे', 'तुले सांगतो', असं बोलत्यात. खिडकीशी बसून असतात. येलांकडं पाहात न्हाईत, त्यांचं तोंड रस्त्याकडं. गाडी कवा हाये, रोज विचारत्यात. मी म्हनतो, न्यायला येनारेत ना तुमचे दोस्त, मंग?"

त्याच्या बोलण्यामागं काहीतरी ऐकू येत होतं. खाट सरकवल्यासारखं. मग फरशीवरून कोणी चपला घासत चालावं तसं. रघुनाथराव डावा पाय थोडा ओढत चालतात. लहानपणी बैलगाडीवरून पडले होते. पण पाय ओढत चालणारी माणसं जगात काय कमी आहेत, असं मी स्वतःला सांगितलं आणि फोन ठेवला.

४

मी तो फोन त्यांना सांगितला नाही. रविवारी गेलो तर ते खाटेवर आडवे होते. रेल्वेचं वेळापत्रक उशाशी पालथं पडलं होतं. बेताचं बोलणं मीच काढलं.

"हो, जाऊ," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "मनोहर, या खोलीले खिडकी होती का रे?"

मळ्यातल्या त्या खोलीला खिडकी कधीच नव्हती. एक दार आणि वर कवेलूंचं छप्पर. मी तसं सांगितलं.

"मले पण तसंच वाटलं," ते म्हणाले आणि भिंतीकडं पाहात राहिले.

चार-आठ दिवसांनी केसरवहिनी पंपहाऊसला आल्या. त्या कधी तिकडं येत नसत. मोटारीच्या आवाजात बोलता येईना म्हणून आम्ही बाहेर टाकीच्या सावलीत उभे राहिलो.

"भाऊ, याइले कुठं घेऊन जाऊ नका," त्या म्हणाल्या.

"काय झालं वहिनी?"

"दुपारी झोपून उठतात अन् घराकडं असे पाहतात, जसे पाहुणे म्हून आले. काल मले म्हणे, बाई, पाणी देता का? मले 'बाई' म्हणे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी पाणी देल्लं तर एकदम शुद्धीवर आल्यासारखे झाले. म्हणे, केसर, मी कुठं होतो?"

मी म्हटलं, डिंक्यानं बाग चालली, त्याचा घोर लागला असेल. डॉक्टरला दाखवू. माझं मलाच ते बोलणं पोकळ वाटलं.

"आमच्या लग्नाले एवढे वर्ष झाले," त्या म्हणाल्या. "हा माणूस माह्यासमोर बसते अन् याचं मन सदा कोणत्या ना कोणत्या गावी. मी कधी काही म्हटलं नाई. मले वाटे, मनच तं जाते, माणूस तं इथं राह्यते ना."

५

रघुनाथरावांना कोणी सांगितलं कोण जाणे, भैय्याजींच्या तोंडून निघालं असेल. ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, "तू मले न सांगता फोन लावला म्हणतात. चल, आता माह्यासमोर लाव."

आम्ही पुन्हा त्या गादीवर बसलो. दुकानात चहा आला. रघुनाथरावांनी तो गार होऊ दिला. घंटा वाजली, मी उचलला, चिंधू होता. माझ्याआधी तोच बोलला, "भाऊ, बरं झालं लावला. त्यास्नी बोलायचंय तुमच्याशी. थांबा, आनतो."

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. दार उघडल्याचा आवाज आला. मग फरशीवरून ते पाऊल, घासत, थांबत, घासत. मी रघुनाथरावांकडं पाहिलं. ते माझ्याशेजारी मांडी घालून बसले होते, चहाच्या कपात पडलेली माशी काडीनं काढत होते. कोणीतरी पलीकडं रिसीव्हर उचलला. श्वास ऐकू आला.

"दे इकडं," रघुनाथराव म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला.

ज्या माणसाला फोनची भीती वाटायची तो माणूस शांतपणे ऐकत होता. आधी त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग ती गेली. भैय्याजी भाव सांगता सांगता गप्प झाले. दुकानात मुनीम होता, दारात हमाल होते, सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहात होते आणि का पाहतो आहोत हे कोणालाच सांगता आलं नसतं.

"बरे हायत सगळे," रघुनाथराव म्हणाले. थोड्या वेळानं, "हो, तिची कंबरही बरी हाय." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "खालच्या बाजूचे गेले, वरचे हायत. हो. चुना लावला खोडाले. हो, आलं फूल."

पलीकडून काय येत होतं ते मला ऐकू आलं नाही. फक्त सूर ऐकू येत होता, हलका, विनवणीचा.

शेवटी रघुनाथरावांनी डोळे मिटले. म्हणाले, "ये मग."

आणि त्यांनी रिसीव्हर अगदी हळू ठेवला.

"कोण होता?" भैय्याजींनी विचारलं.

"घरचाच माणूस हाय," रघुनाथराव म्हणाले.

६

त्यानंतर त्यांनी द्राक्षाचं नाव काढलं नाही. बॅग आतल्या खोलीत होती, ती कुठं गेली ते वहिनींना सांगता येईना. मी दसऱ्याला नागपूरला जाऊन परत आलो. रघुनाथराव आले नव्हते. मीही त्यांची वाट पाहिली नव्हती.

परत आलो त्याच आठवड्यात भैय्याजींनी दुकानातला हमाल पंपहाऊसला पाठवला. नाशिककडून फोन होता. चिंधूनं निरोप ठेवला होता: तुमच्या माणसाला गाडीत बसवून दिलं आहे, नागपूरला उतरून पुढं दुपारच्या पॅसेंजरनं येतील, उतरवून घ्या.

मी रघुनाथरावांकडं गेलो. ते अंगणात बसून दाढी करत होते.

"ठाव हाय मले," ते म्हणाले. "चल, स्टेशनवर जाऊ."

वाटेत मी त्यांना समजावत होतो. कोणीतरी आपली चेष्टा करतो आहे. किंवा खरंच कोणी बिचारा भरकटलेला माणूस आहे, त्याला आपण पोलिसांत नेऊ, त्याचं घर शोधू. हे सगळं मी मनापासून बोलत होतो. दिवसाढवळ्या, बाजारातून, नमस्कार घेत देत चालताना दुसरं काही खरं असू शकेल असं वाटतच नव्हतं.

गाडी आली. आम्ही फलाटाच्या बाकाशी उभे होतो. शाळेच्या मास्तरीण बाई उतरल्या, भाजीचे टोपले घेतलेल्या बाया उतरल्या, दिवाळीची खरेदी करून आलेलं एक कुटुंब उतरलं. मी इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत नजर टाकली. आम्हाला शोधणारं कोणी नव्हतं. गाडी सुटून गेली, रूळ मोकळे झाले. समोरच्या बाजूला, लाइनीच्या पलीकडं, वस्तीकडं जाणारी पायवाट उन्हात रिकामी पडली होती. तिच्यावर थोडी धूळ उडालेली होती.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो.

"आला नाही कोणी," मी म्हटलं.

रघुनाथराव बाकावर बसले. "तू हो पुढं. माह्या घरी पाह्य एक खेप. मी येतो."

७

त्यांच्या घराचं दार उघडं होतं. केसरवहिनी चुलीवर पाणी तापवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेला आनंद होता.

"तुम्ही मांगं काऊन राहिले भाऊ?" त्या म्हणाल्या. "ते तं कवाचे आले. थकून गेले पार. म्हणे, प्रवासानं अंग आंबलं, जरा पडतो."

उंबऱ्याशी चपला होत्या. त्यांना काळी चिकण माती लागलेली होती, ओली. आमच्याकडं पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते. भिंतीला ती बॅग टेकवलेली होती, कोपऱ्यावर घासलेली, पट्टा तुटून सुतळीनं बांधलेली.

"प्रवास कसला वहिनी?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, मला कळलं नाही.

त्यांनी पाण्यात हात घालून पाहिला आणि दुसरं लाकूड चुलीत सारलं.

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी पुढं जायला नको होतं, पण पाय गेले. आत अंधार नव्हता, फक्त सावली होती. खाटेवर एक माणूस भिंतीकडं तोंड करून झोपला होता. पांढरी बंडी, मानेवर माळेचा दोरा. एका पायाच्या अंगठ्यानं तो दुसऱ्या पायाची टाच घासत होता. झोपेत तसं करायची रघुनाथरावांना सवय आहे. श्वास लांब, सुखाचा. खूप दिवसांनी आपल्या अंथरुणावर झोपलेल्या माणसाचा असतो तसा. त्या खोलीत एक वास होता, आंबूस, गोड, फळं झाकून ठेवल्यासारखा.

माझ्यामागं अंगणात पाऊल घासलं.

रघुनाथराव दारात उभे होते. वहिनींची त्यांच्याकडं पाठ होती, त्या चुलीतला धूर फुंकत होत्या. रघुनाथरावांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मग खाटेवरच्या माणसानं कूस बदलायला सुरुवात केली. त्याचा खांदा हलला, मान वळायला लागली, आणि रघुनाथरावांनी हात लांब करून दार ओढून घेतलं.

"झोपू दे," ते माझ्या कानाशी म्हणाले.

वहिनी वळेपर्यंत ते अंगणाबाहेर गेले होते.

८

मी त्यांना फाटकापाशी गाठलं. दंड धरला. दंड उबदार होता, घामानं ओला, माझ्या ओळखीचा.

"मी आत्ता जाऊन वहिनीले सांगतो," मी म्हटलं. "लोकाइले गोळा करतो."

"सांग," ते म्हणाले. "मग कोणाले बाहेर काढशीन?"

आम्ही स्टेशनकडं चालू लागलो. ऊन उतरलं होतं. बाजारात मघाचेच लोक पुन्हा नमस्कार करत होते आणि रघुनाथराव सगळ्यांना हात जोडत होते.

फलाटावर नागपूरकडं जाणाऱ्या गाडीला वेळ होता. त्यांनी तिकीट काढलं. मी त्यांच्याजवळ बसलो.

"फोनवर काय म्हणत होता तो?"

"इचारत होता. घरचे कसे हायत. केसरची कंबर दुखाची राहिली का. वरच्या धुऱ्यावरच्या त्या वाकड्या झाडाले फूल आलं का." ते हातावरच्या रेषा चोळत बोलत होते. "मनोहर, त्या झाडाले फूल आलं की नाई, मले ठाव नव्हतं रे. मी तिथंच राह्यतो अन् मले ठाव नव्हतं. मी म्हटलं, हो, आलं. तर तो रडला."

"तो कोण आहे रघुनाथराव?"

"मी इचारलं नाई."

तिकीट खिशात ठेवत ते म्हणाले, "त्याले माह्यापेक्षा जास्त आठवण येत होती. एवढंच समजलं मले. अन् मी तं जन्मभर इथून जाऊनच राहिलो होतो."

मी त्यांना थांबा म्हणालो. माझ्या घरी राहा म्हणालो, सुशीला काही बोलणार नाही, उद्या सकाळी विचार करू. ते हसले, रविवारी बेत करताना हसायचे तसे. गाडी आली तेव्हा ते खिडकीजवळ जागा मिळवून बसले. मी गज धरून उभा राहिलो. त्यांच्याजवळ सामान नव्हतं, पाण्याचा गडवासुद्धा नव्हता.

आमच्याकडं घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. मसणात लाकडं वाहून नेणारासुद्धा 'येतो' म्हणतो.

"जातो मनोहर," रघुनाथराव म्हणाले.

गाडी हलली. मी थोडा बरोबर चाललो, मग फलाट संपला.

९

या गोष्टीला आता बराच काळ झाला. घरात जे आहेत त्यांना सगळं गाव रघुनाथराव म्हणतं, मीही म्हणतो. दुसरं काय म्हणणार? ते पाय ओढत चालतात, चहाला गूळ मागतात, माझ्या वडिलांची मला नसलेली आठवण सांगतात. बागेतली वरची झाडं त्यांनी जगवली. खोडांना ते आपल्या हातानं चुना लावतात आणि लावताना झाडाशी बोलतात. वहिनींना दवाखान्यात न्यायला ते स्वतः जातात. कुठं जायचं नाव काढत नाहीत. सौंसरला लग्नाला जायचं असलं तरी दोन दिवस आधीपासून त्यांचा जीव खालीवर होतो आणि लग्न लागताच ते परत निघतात.

वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नाही. कधी कधी मला वाटतं, उलट आहे. आणि त्यांच्याशी बोलत असताना मध्येच मला रघुनाथरावांची इतकी आठवण येते की मला उठून बाहेर जावं लागतं.

दोनदा मी भैय्याजींच्या दुकानापर्यंत गेलो, नंबर पाठ होता. दोन्ही वेळा भाव विचारून परत आलो. पलीकडून चिंधू 'न्हाई, इथं कोनी न्हाई' म्हणाला असता तर मी काय केलं असतं, आणि 'हाये' म्हणाला असता तर काय केलं असतं, हे माझं ठरलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न जमलं म्हणून निमंत्रण द्यायला त्यांच्याकडं गेलो. ते बागेत होते. वहिनी एकट्याच होत्या, ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. मी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे, इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो. वहिनींनी मान वर केली नाही. त्यांचा हात डाळीवरून फिरत राहिला.

"भाऊ, प्रवासातून आले त्या दिवशी त्याइनं माह्याकडं पाणी मांगतलं, तवा 'केसर' म्हणून मांगतलं," त्या म्हणाल्या. "नुसतं नाव घेतलं, पण असं घेतलं की मी चुलीपाशी बसून रडली. माह्या नवऱ्यानं तसं कधी घेतलं नव्हतं."

मी हातातली पत्रिका खाली ठेवली.

"मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगू नका."

फाटक वाजलं. अंगणातून पाऊल घासत आलं आणि ओसरीच्या पायरीशी थांबलं. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि पाणी आणायला उठल्या.